मधल्या दहा तासांचा जमाखर्च

अलीकडे आमच्याकडे एक नवाच प्रश्न येऊ लागला आहे. पूर्वी लोक येत ते जातीचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचा प्रवेश, फार तर बँकेचे कर्ज यांसाठी. आता वस्तीतले आईबाप विमानाचे तिकीट घेऊन येतात. समाजातील मुले-मुली शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर, कुणी बँकेच्या कर्जावर, तर कुणी आईचे दागिने मोडून शिकायला परदेशी निघाली आहेत. मुलांचे शिकणे मुलांना ठाऊक असते. आईबापांची भीती मात्र फार साधी असते. "भाऊ, हे बघा ना जरा. मुंबईहून सिंगापूर आणि तिथून मेलबर्न. मधे दहा तास लिहिलंय. पोरगी दहा तास कुठं बसणार? कुणी उठवलं तर?"

'कुणी उठवलं तर' या तीन शब्दांत आपल्या किती पिढ्यांचा अनुभव साठला आहे, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. आमच्या ओळखीच्या एका सफाई कामगाराची मुलगी अशीच परदेशी गेली. मधल्या विमानतळावर तिला नऊ तास थांबायचे होते. हे नऊ तास तिने फाटकाजवळच्या एका खुर्चीवर बॅग पोटाशी धरून काढले. समोर पाणी होते, पण ते फुकट की विकत हे विचारायचा धीर झाला नाही. बॅग सोडून जायची भीती, म्हणून ती मोरीलाही गेली नाही. गुणवत्तेने विद्यापीठात प्रवेश मिळवणारी ही मुलगी! हुशारी कमी नव्हती. ही जागा आपली नव्हे, हे मनात घट्ट बसले होते, एवढेच.

म्हणून प्रथम हे सांगतो की तिकिटाच्या पैशात विमानतळाचे शुल्कही धरलेले असते. तेथील खुर्ची, पाणी, मोरी, माहितीचा काउंटर हे सारे आपण पैसे मोजून घेतलेले आहे. कोणी उपकार करीत नाही. तेव्हा हे मधले तास भीतीत घालवायचे की उपयोगात आणायचे, एवढाच प्रश्न उरतो. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि पोटापाण्याला कारकून. त्यामुळे या तासांचाही जमाखर्च मांडावा, असे आमच्या मनात आले. उदाहरण सिंगापूरचेच घेतो. ऑस्ट्रेलियाला जाणारी आपली पुष्कळ मुले त्याच मार्गाने जातात आणि २०२४ साली पुतण्याच्या पदवीदानासाठी मेलबर्नला जाताना आम्ही उभयतांनीही तेथे दहा तास काढले आहेत.

हिशेबाआधी तीन प्रश्न विचारावेत. हे प्रश्न कोणत्याही शहरातील थांब्याला लागू आहेत.

पहिला प्रश्न : तिकीट एक आहे की दोन? मुंबई ते मेलबर्न असे एकच तिकीट असेल तर मोठी बॅग बहुधा मुंबईहून थेट शेवटच्या मुक्कामी जाते. मुंबईच्या काउंटरवर बॅगेला जी चिठ्ठी लावतात, तिच्यावर शेवटच्या शहराचे नाव आहे का, हे स्वतः वाचावे आणि काउंटरवरील कर्मचाऱ्याला तोंडी विचारूनही घ्यावे. स्वस्त पडते म्हणून दोन वेगवेगळी तिकिटे काढली असतील तर बहुतेक वेळा मधल्या शहरात बॅग स्वतः घेऊन पुन्हा जमा करावी लागते. त्यासाठी त्या देशात प्रवेश करावा लागतो आणि प्रवेशाला परवानगी लागते. चार हजार रुपये वाचवण्याच्या नादात मुलगा अडकून पडेल. म्हणून तिकीट काढतानाच हे पाहावे.

दुसरा प्रश्न : बाहेर पडायची परवानगी आहे का? भारतीय माणसाला सिंगापूरला जायला एरवी व्हिसा लागतो. पण ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी, जपान, न्यूझीलंड, स्वित्झर्लंड, ब्रिटन किंवा अमेरिका यांपैकी एखाद्या देशाचा चालू व्हिसा हाती असेल, त्या प्रवासात सिंगापूर मधे येत असेल आणि पुढचे पक्के तिकीट असेल, तर ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय शहरात जाऊ देण्याची तेथे सोय आहे. म्हणजे ऑस्ट्रेलियात शिकायला निघालेल्या मुलाला ही सवलत मिळू शकते. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, तो पत्राच्या रूपाने येतो. त्या पत्राची छापील प्रत जवळ ठेवावी. शेवटचा निर्णय खिडकीवरील अधिकाऱ्याचा असतो आणि नियमही बदलतात. म्हणून निघण्यापूर्वी सिंगापूर सरकारच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. शहरात जायचे असेल तर पोचण्याआधीच्या तीन दिवसांत 'एसजी अरायव्हल कार्ड' हा अर्ज मोबाईलवरून भरावा लागतो. या अर्जाला सरकार एक पैसाही घेत नाही. पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले तर ते दलालाचे समजावे.

तिसरा प्रश्न : हातात खरे तास किती? येथेच आपला जमाखर्च सुरू होतो.

समजा, विमान सकाळी ६ वाजता उतरले आणि पुढचे दुपारी ४ वाजता आहे. जमेच्या बाजूला १० तास. आता खर्च मांडू. विमानातून उतरून इमिग्रेशनच्या रांगेतून बाहेर पडायला १ तास. शहरात आगगाडीने जाणे, फिरणे आणि परत येणे मिळून गाडीतले २ तास. परतल्यावर पुढच्या विमानाआधी अडीच तास हाताशी हवेतच. एकूण खर्च साडेपाच तास, शिल्लक साडेचार. त्यातलाही एक तास अनामत म्हणून बाजूला ठेवावा. गाडी चुकली, पाऊस आला, रस्ता सापडला नाही, यांसाठी तो असतो. गरज पडली नाही तरी तो इतरत्र खर्च करू नये. म्हणजे फिरायला उरले साडेतीन तास. थांबा ६ तासांचा असेल तर याच हिशेबाने हाती अर्धा तास उरतो. अशा वेळी बाहेर पडूच नये. थांबा मध्यरात्रीचा असेल तरीही पडू नये. तेव्हा शहरातल्या आगगाड्या बंद असतात.

घड्याळाचेही एक पथ्य आहे. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिकिटावरची वेळ त्या त्या गावची असते. उतरल्याबरोबर मनगटावरचे घड्याळ तेथील वेळेला लावावे आणि मोबाईलने वेळ बदलली आहे का ते पाहावे. आपल्या वेळेवर विसंबून राहिलेला माणूस अडीच तास उशिरा पोचतो आणि तोवर विमान गेलेले असते.

ज्यांना बाहेर जाता येत नाही, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. चांगी विमानतळ स्वतःच एक लहानसे गाव आहे. टर्मिनल १, २ आणि ३ यांच्यामध्ये फुकट छोटी गाडी धावते. टर्मिनल ४ वेगळे आहे, तेथे बसने जावे लागते. टर्मिनल ३ मध्ये फुलपाखरांची बाग आहे आणि फुकट चित्रपटगृह आहे. पाय पसरून पडता येईल अशा खुर्च्या आहेत. पिण्याचे पाणी नळाचे, शुद्ध आणि फुकट आहे. २०१९ साली 'ज्युएल' नावाची काचेची इमारत बांधली. तिच्या छतातून ४० मीटर उंचीचा धबधबा कोसळतो. ही इमारत इमिग्रेशनच्या बाहेर आहे. पण टर्मिनल २ आणि ३ मधली छोटी गाडी तिच्यातूनच जाते आणि खिडकीतून धबधबा दिसतो. त्याला ना व्हिसा लागतो, ना पैसा. झोपायचे असेल तर पासपोर्ट अंगावरच्या पिशवीत ठेवावा, बॅगेचा पट्टा पायात अडकवावा आणि दोन गजर लावावेत. एकट्या मुलीने माहितीच्या काउंटरजवळ, माणसे असतील तेथे बसावे. चौकशी करायला संकोचू नये. तेथील माणसांना त्याच कामाचा पगार मिळतो.

बाहेर जायची परवानगी आहे पण धीर होत नाही, अशांसाठी विमानतळाचीच फुकट शहर-सहल आहे. साडेपाच तासांहून जास्त आणि २४ तासांहून कमी थांबा असणाऱ्या प्रवाशांना बसमधून सुमारे अडीच तास शहर दाखवून परत आणतात. जागा मर्यादित असतात, म्हणून आधी नोंदणी करावी किंवा उतरल्याबरोबर काउंटर गाठावा. पहिल्यांदाच घराबाहेर पडलेल्या मुलामुलींना आम्ही हीच सहल सुचवतो.

स्वतः जायचे ठरवले तर हातातली बॅग विमानतळावरील सामानघरात पैसे भरून ठेवता येते. टर्मिनल २ आणि ३ च्या खालीच आगगाडीचे स्टेशन आहे. टानाह मेराह येथे गाडी बदलून 'सिटी हॉल' स्टेशनला पोचायला पाऊण तासाच्या आत वेळ लागतो. तिकीट दोन-तीन डॉलर. परदेशात चालणारे बँकेचे कार्ड फाटकाला टेकवले की काम होते. गाडीत मात्र खाणे-पिणे मना आहे, पाण्याचा घोटसुद्धा! दंड ५०० डॉलरपर्यंत होऊ शकतो. घरची पोळी-चटणी बाहेर बाकावर बसून खावी.

सिटी हॉलला वर आले की पांढरेशुभ्र सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल दिसते. पर्यटक त्याचे फोटो काढून पुढे जातात. आपण क्षणभर थांबावे. ही इमारत १८५६ नंतरच्या पाच-सहा वर्षांत उभी राहिली, ती भारतातून काळ्या पाण्यावर धाडलेल्या कैद्यांच्या मजुरीवर. सिंगापूरचे अनेक जुने रस्ते आणि इमारती याच हातांनी घडवल्या. त्यांची नावे भिंतीवर नाहीत. अनोळखी शहर पाहताना 'हे कोणी बांधले?' हा प्रश्न विचारायची सवय लावली की शहर आपल्याशी बोलू लागते.

पलीकडे पडांग हे मोठे मैदान आहे. येथेच ५ जुलै १९४३ रोजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद फौजेची पाहणी केली. त्या फौजेच्या झाशीची राणी पलटणीत मलायातील रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तामिळ मजुरांच्या मुली मोठ्या संख्येने होत्या. मैदानाला लागूनच एस्प्लनेड पार्क आहे. फौजेच्या हुतात्म्यांचे तेथील स्मारक १९४५ साली ब्रिटिशांनी परतल्यावर पाडून टाकले. त्या जागी १९९५ साली सिंगापूर सरकारने स्मरणफलक उभारला. तेथून दहा-पंधरा मिनिटे चालले की सिंहाचे तोंड आणि माशाचे शरीर असलेला मर्लायन. घरी पाठवायचा फोटो तेथे काढावा. या सगळ्याला दोन तास पुरतात आणि एक पैसा लागत नाही. छत्री मात्र हवी. विषुववृत्ताजवळचे गाव असल्याने तेथे पाऊस कधीही येतो.

उरलेल्या दीड तासात बहुतेक लोक मॉलमध्ये जातात. आम्ही उभयतां मात्र सिटी हॉलहून लाल मार्गाची गाडी धरून सहाव्या स्टेशनवर उतरलो. तोआ पायोह हे त्याचे नाव. येथे पाहण्यासारखे म्हणून कोणी येत नाही. येथे माणसे राहतात. सिंगापूरमध्ये १९६० साली सरकारी गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले. त्याआधी हजारो कुटुंबे पत्र्या-लाकडाच्या झोपड्यांत राहत. १९६१ साली बुकित हो स्वी या वस्तीला आग लागून सुमारे सोळा हजार माणसे बेघर झाली, तेव्हा मंडळाने वर्षभरात त्यांना पक्क्या घरांत नेण्याचे काम केले. आज तेथील दर पाच रहिवाशांपैकी सुमारे चार याच मंडळाच्या इमारतींत राहतात. घर ९९ वर्षांच्या पट्ट्याने मिळते.

इमारतींचा तळमजला मोकळा असतो. तेथेच लग्ने लागतात, तेथेच अंत्यविधीला माणसे जमतात. आम्ही गेलो तेव्हा दोन वृद्ध चिनी गृहस्थ सोंगट्या खेळत होते आणि बाजूला एक तामिळ आजी नातवाला भरवीत होत्या. आमची सौ. म्हणाली, "यांना एकमेकांच्या शेजारी कुणी बसवलं?" प्रश्न मार्मिक होता. हे आपोआप झालेले नाही. १९८९ साली तेथे नियम झाला की प्रत्येक इमारतीत आणि प्रत्येक वसाहतीत चिनी, मलाय आणि भारतीय कुटुंबांचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेतच राहील. कोणा एकाची वेगळी वस्ती होऊ द्यायची नाही. या नियमाचे तोटेही आहेत. अल्पसंख्य कुटुंबाला घर विकताना गिऱ्हाईक कमी मिळते. आणि हेही विसरू नये की या इमारती बांधणारे तामिळ व बांगलादेशी मजूर मात्र शहराच्या कडेच्या वसतिगृहांत दाटीने राहतात. २०२० च्या साथीत त्यांचे हाल जगाने पाहिले. तरीही, आडनाव ऐकून घर नाकारले गेल्याचा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे, त्यांनी हा तळमजला दहा मिनिटे डोळे भरून पाहावा. शेजार कायद्याने घडवता येतो, ही गोष्ट पुस्तकात वाचणे वेगळे आणि समोर पाहणे वेगळे. जेवण तेथील खाऊगल्लीत करावे. सरकारने फेरीवाल्यांना छपराखाली आणून ही 'हॉकर सेंटर' उभारली आणि २०२० साली युनेस्कोने त्या संस्कृतीची अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. पाच-सहा डॉलरमध्ये पोट भरते. ताट स्वतः उचलून ठेवावे, तसा तेथे नियम आहे.

आता घरच्या मंडळींसाठी दोन शब्द. बॅग भरताना माया आवरावी. सिंगापूरमध्ये खाण्याची तंबाखू, गुटखा, च्युइंगगम आणि ई-सिगारेट यांना बंदी आहे. वडिलांच्या खिशातली पुडी चुकून मुलाच्या बॅगेत जाऊ देऊ नये. खसखशीलाही तेथे आणि दुबईकडेही मनाई आहे, म्हणून आईने मसाला करताना ती वगळावी. ओळखीच्याने 'एवढं पार्सल ने' म्हटले तर नम्रपणे नाही म्हणावे. अमली पदार्थांच्या गुन्ह्याला सिंगापूरात फाशीपर्यंत शिक्षा आहे आणि 'मला ठाऊक नव्हते' हे तेथे चालत नाही. ऑस्ट्रेलियात उतरताना जवळचे सर्व खाद्यपदार्थ कार्डावर लिहून जाहीर करावे लागतात. लिहून दाखवल्यास फार तर वस्तू काढून घेतील, लपवल्यास मोठा दंड होईल. लोणचे हातातल्या बॅगेत ठेवू नये. १०० मिलीलीटरवरील पातळ पदार्थ तपासणीत अडतात.

परत विमानतळावर आल्यावर प्रथम फलकावर आपल्या विमानाचे फाटक पाहावे. फाटक बदलू शकते, म्हणून दर अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे. घोषणेवर विसंबू नये. चांगीच्या १, २, ३ टर्मिनलवर सामानाची तपासणी फाटकापाशीच होते. तेथे पाण्याची बाटली रिकामी करून जावे. विमान सुटायच्या वेळेच्या बऱ्याच आधी दार बंद होते, तेव्हा दार उघडताच आत बसावे. मग घरी एक निरोप पाठवावा, 'फाटकाशी पोचले.' त्या तीन अक्षरी फाटकासाठी आई इकडे रात्रभर जागी असते.

दुबई, दोहा, कोलंबो, बँकॉक, कोणतेही शहर असो, नियम वेगळे असतील पण वरचे तीन प्रश्न आणि जमाखर्चाची रीत तीच. काही देशांत तर विमानतळाच्या आत थांबायलाही वेगळा व्हिसा लागतो, म्हणून तिकीट काढण्याआधीच विचारावे. एका कागदाच्या डाव्या बाजूला तास लिहावेत, उजव्या बाजूला खर्च, खाली अनामत तास, आणि मागच्या बाजूला घरचा व तेथील वकिलातीचा फोन नंबर. मोबाईलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, पोचल्यावर आईवडिलांना एक मोठे पत्र लिहा. मोबाईलवर लिहिलेत तरी चालेल. त्यात केवळ धबधब्याचा फोटो नको. रस्त्यात काय पाहिले, कोणाशी बोललात, तेथील कामगार कसे राहतात, शेजारी कोण बसतो, हे लिहा. आई ते वस्तीत चार घरी वाचून दाखवील. पुढच्या वर्षी त्याच वस्तीतून निघणाऱ्या मुलीला ते शहर मग अनोळखी राहणार नाही.